डावीकडे डोकं त्याचं

बस सुटायच्या आधीच वहिनींनी त्या बाईचे हात पाहून घेतले.

बाई बसच्या दारात उभी होती आणि चढणाऱ्या एकेकाला सीट दाखवत होती. केस पांढरे, पाठ जराशी वाकलेली, चेहऱ्यावर उन्हातान्हाच्या रेघा. पण हात असे, की वय त्यांच्यापर्यंत आलं आणि दारातूनच परत गेलं. लांब, सडसडीत, बिनबांगड्यांचे. नुसतं "तुम्ही मागे" म्हणायचं तरी बोटं आधी मागे जायची आणि शब्द त्यांच्या पाठोपाठ.

हेच ते हात. वहिनींनी मनात गाठ मारली आणि शेवटच्या रांगेच्या पुढची सीट धरली. मागे बसलं की सगळे दिसतात आणि आपण कुणाला दिसत नाही.

खिडकीपाशी वन्सं बसल्या. वन्सं म्हणजे वहिनींची धाकटी नणंद. मनात काही ठेवायचं म्हटलं तर त्यांना पोटात दुखायचं. बस हलायच्या आत त्यांनी खाऊचा डबा उघडला आणि गाईडबाईला जाऊन सांगू का, की आम्ही कोणाकडच्या आहोत, असं विचारलं. वहिनींनी डब्याचं झाकण लावलं. सांगायचं नाही, म्हणाल्या. तोंडातून अवाक्षर नाही. वन्संना वाटलं, वहिनी लाजतेय.

दादा म्हणजे वहिनींचा नवरा आणि वन्संचा भाऊ. त्यांनी जन्मभर हीच पर्यटकांची बस चालवली, ह्याच रस्त्यांवर. देश इतका जुना, की इथे विहीर खणायला जावं तर आधी कुणाचं तरी अंगण लागतं. पडके राजवाडे, डोंगराच्या पोटात कोरलेली देवळं, नाचाच्या नाट्यशाळा, तळी, दऱ्या. लोक समुद्र ओलांडून बघायला यायचे आणि दादा त्यांना फिरवून आणायचे. निम्मा आठवडा बाहेर, निम्मा घरी. घरी आले की संध्याकाळी पायरीवर मुलांना घेऊन बसायचे आणि पाहिलेलं सांगायचे. राजवाड्याच्या जिन्याशी दोन सिंह, त्यातल्या डावीकडच्याचा जबडा तुटलेला. डोंगरातला देव झोपलेला, एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत लांब. त्याच्यावर त्यांनी गाणंच केलं होतं:

डावीकडे डोकं त्याचं, उजवीकडे पाय,
निजल्या देवा सांग तुझ्या स्वप्नामध्ये काय?

ह्या गाण्यावर दोन्ही मुलं झोपली, वाढली, आपापल्या घरी गेली. पाय कसे आहेत बाबा, असं थोरली विचारायची, तेव्हा दादा म्हणायचे, आता झोपा. पायांपर्यंत ती गोष्ट कधी पोचलीच नाही.

वहिनी भाकरी थापताना ऐकायच्या. मला कधी नेणार, असं एकदोनदा विचारून झालं. पुढच्या हंगामात, असं एकदोनदा उत्तर झालं. मग विचारणं राहिलं.

आणि मग ती दुपार. दादांचे एक ड्रायव्हर मित्र घरी आले होते. वहिनी चहा घेऊन ओटीच्या दाराशी आल्या, आणि पलीकडून दादांचा आवाज आला. एरवी भाजी कशी झालीय हे सांगायलाही ज्यांना शब्द सापडत नसत, ते दादा म्हणत होते, "त्या गाईडबाईचे हात बघावेत तू. जन्मभर बघत बसावेत असे हात."

वहिनींनी चहा दिला. साखर किती हे विचारायचं मात्र विसरल्या.

त्या गोष्टीला वर्षं लोटली. भांडण झालं नाही, प्रश्न झाला नाही. सदऱ्याच्या आत एखादी टाचणी राहून जावी तसं ते वाक्य राहून गेलं. रोज टोचत नव्हतं, वळलं की टोचायचं. यंदा दादा कामावरून निवृत्त झाले आणि थोरलीने आईबाबांना ह्याच सहलीची दोन तिकिटं आणून दिली. दादांनी ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि परत टेबलावर ठेवली.

"तू जा," ते म्हणाले. "माझं सगळं बघून झालंय."

असं कोण म्हणतं? जन्मभराची वाट, बायको पहिल्यांदा चाललीय, आणि माणूस पायरीवरून उठायला तयार नाही. ज्याला काही दाखवायचं नसतं, त्यालाच सगळं बघून झालेलं असतं. वहिनींनी मुकाट्याने दुसरं तिकीट वन्संना दिलं. भावाला मात्र फोन केला. परतीची बस भावाच्या गावावरून जाते. वरची खोली झाडून ठेव, म्हणाल्या. माझं मन झालं तर मी तिथेच उतरेन. किती दिवसांसाठी, भावाने विचारलं. झाडायची तर नीट झाड, वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला. भाऊ काय समजायचं ते समजला.

तर वहिनी देश बघायला निघाल्या नव्हत्या. आपलं घर आपलं आहे का, ते बघायला निघाल्या होत्या.

*

राजवाड्यात छप्पर उरलं नव्हतं. खांब होते, खांबांवर आभाळ होतं. प्रवासी कॅमेरे काढून पांगले. बाई आधी परदेशी पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सांगायची, मग बाकीच्यांना आपल्या भाषेत चार वाक्यांत. वहिनी तिच्यापासून दोन माणसं सोडून चालत होत्या.

जिन्यापाशी सिंह आले. वहिनी थांबल्या. डावीकडचा सिंह धडधाकट होता. जबडा वासून बसला होता, दातन्‌दात शाबूत. तुटका होता तो उजवीकडचा.

त्यांनी पुढे जाऊन पाहिलं, मागे येऊन पाहिलं. दुसरा जिना आहे का, म्हणून वन्संना धाडलं. वन्सं पाहून आल्या, दुसरा जिना नव्हता, पण आडोशाला बसायला चांगली जागा होती म्हणाल्या. वहिनींनी सांगितलं, तुझा दादा डावीकडचा म्हणायचा. वन्सं हसल्या. दादाला लहानपणी चपलासुद्धा उलट्या घालायची सवय होती, म्हणाल्या. तू सिंहाचं काय घेऊन बसलीस.

एका सिंहाने संसार मोडत नाही, हे वहिनींनाही कळत होतं. माणूस विसरतो. त्यांनी तो सिंह तात्पुरता पदरात बांधला.

बाहेर आल्या तेव्हा बसचा ड्रायव्हर बसच्याच सावलीत उकिडवा बसला होता. पोरगेलासा नव्हे, चांगला चाळिशीचा, मिशीवाला. गळ्यात दोरीला बसची किल्ली. बाई त्याच्यासाठी कागदी कपातून चहा घेऊन गेली आणि तो प्यायला लागला तशी त्याच्याशी काहीतरी बोलत राहिली. बोलताना हात चाललेच होते. वहिनींनी पाहिलं, ड्रायव्हरचे डोळे बाईच्या तोंडाकडे नव्हते, हातांकडे होते. चहा गार होईपर्यंत.

वहिनींना वाटलं, बघा. रीतच आहे हिची. ड्रायव्हर बदलतो, चहा तोच.

*

डोंगरातल्या देवळाकडे वाट खडकातून कापून काढलेली होती. आत शिरल्यावर आधी काहीच दिसत नव्हतं, फक्त थंडावा आणि तेलाचा, माणसांच्या श्वासांचा, ओल्या दगडाचा वास. मग डोळे निवळले आणि अंधारातून देव हळूहळू वर आला. आडवा. शांत. एका कुशीवर झोपलेला.

डोकं उजवीकडे होतं.

वहिनी जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. मागून लोक येत होते, त्यांना वळसा घालून पुढे जात होते. त्यांनी आपला उजवा हात उचलून बघितला, हाच तो उजवा ना. डोकं उजवीकडे. पाय डावीकडे. मुलं ज्या देवाच्या मांडीवर झोपली, तो देव हा नव्हेच.

सगळी गर्दी डोक्याकडे गेली, वन्संसुद्धा. चेहरा बघायला, फोटो काढायला. वहिनी उलट्या दिशेला चालत गेल्या, पायांकडे. तिथे कुणी नव्हतं. तळवे त्यांच्या उंचीचे होते. हात लावून लावून मधोमध तुकतुकीत झाले होते, पाण्यातल्या दगडासारखे. त्या तळव्यांसमोर वहिनींनी सरळ विचार केला, हिशेबासारखा थंड. सिंह चुकू शकतो. पण जे गाणं माणूस वर्षानुवर्षं मुलांना म्हणतो, त्यातला देव कसा चुकेल? ह्याने हा देव पाहिलेलाच नाही. कधीच आत आला नाही. मग इतकी वर्षं, सगळे प्रवासी आत असताना, हा होता कुठे? आणि कुणाबरोबर?

त्यांची नजर देवाच्या बोटांवरून फिरत गेली आणि एका ठिकाणी अडखळली. पण त्यांचं मन तिथे नव्हतं.

बाहेर येऊन त्यांनी ड्रायव्हरला गाठलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, की पूर्वी ह्या गाडीवर एक जुने ड्रायव्हर होते, ते ह्या वेळात कुठे असायचे. ड्रायव्हरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्याने मिशी पुसली, उगाचच टायरला लाथ मारून बघितली.

"त्यांचं काय ते बाईंना विचारा," तो म्हणाला. "त्यांचं त्यांनाच ठाऊक."

*

त्या संध्याकाळी जुन्या नाट्यशाळेत नाच होता. दगडी पायऱ्यांवर माणसं बसली, खाली पणत्यांच्या उजेडात नाचणाऱ्या मुली आल्या. घुंगरांचा आवाज पायऱ्यांवरून चढून वरपर्यंत यायचा आणि तिथून पाखरासारखा उडून जायचा. वन्सं तोंडात बोट घालून बघत होत्या. वहिनी बाईच्या शेजारी जाऊन बसल्या.

तुम्ही ह्या कामात खूप वर्षं असाल, अशी सुरुवात केली. बाई हसली, डोंगरानंतर मीच, म्हणाली. आधीच्या ड्रायव्हरांची विचारपूस केली. बाईने दोघातिघांची नावं घेतली, एक झोपाळू, एक तापट. मग तिचे हात मांडीवर थांबले.

"एक होता," ती म्हणाली. "सगळ्यांत जास्त वर्षं तोच. बोलायचा नाही फारसा. तेव्हा प्रवासी सगळे परदेशी, मी त्यांच्या भाषेत सांगायचे, त्याला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण माझे हात थांबले ना, की गाडी हळू व्हायची."

खाली मुलींनी गिरकी घेतली.

बाई आपल्याच नादात सांगत राहिली. एका हंगामात तिचा हात मोडला होता, खांद्यापर्यंत पट्टी. तोंडाने सगळं सांगायची, कुणाची तक्रार नव्हती. हा एकटाच रुसल्यासारखा गाडी चालवायचा. शेवटी एके दिवशी म्हणाला, बाई, ह्या वेळी काही मजा नाही. आता काय म्हणावं माणसाला, बाई म्हणाली आणि हसली, आणि हसताना तिने डोळे पुसले, म्हातारपणी पुसतात तसे, उगीच.

वहिनींना तो हंगाम आठवला. चांगला आठवला. घरी आलेले दादा पायरीवर बसायचेच नाहीत. मुलांनी देवाचं गाणं मागितलं तर म्हणायचे, नंतर. वहिनींना वाटलं होतं, पित्त झालंय. काढा करून दिला होता, आलं-जिऱ्याचा. माणूस दुसरीच्या मोडल्या हातापायी झुरत होता आणि आपण काढा उकळत होतो.

रात्री उतारूंच्या खोलीत वन्संनी विचारलं, नाच आवडला का. वहिनी म्हणाल्या, परत जाताना मी भावाकडे उतरणार आहे. किती दिवस? वहिनींनी उशी थोपटली आणि पाठ फिरवली. वन्सं एवढ्या भोळ्या, पण त्यांनाही थोडा वेळ झोप लागली नाही.

*

सहलीतलं शेवटचं ठिकाण दरी होती. वन्संना घाटात मळमळायला लागलं आणि बाईने दोघींना अगदी पुढच्या सीटवर आणून बसवलं. ड्रायव्हर हाताच्या अंतरावर. वहिनी मनात म्हणाल्या, बरंच झालं, जवळून बघू.

बस वळणं घेत उतरू लागली. बाई नेहमीप्रमाणे ड्रायव्हरच्या शेजारी, पुढच्या काचेकडे पाठ करून, प्रवाशांकडे तोंड करून उभी राहिली. आधी परदेशी भाषा. वहिनींना एक शब्द कळेना, म्हणून त्या आपसूक हात बघायला लागल्या. आणि बघता बघता त्यांना सगळं कळायला लागलं. बाईचा उजवा हात उंच गेला आणि तिथून तुटून खाली आला, बोटं थरथरत, फुटत, धुक्यासारखी विरत. धबधबा. डाव्या हाताने फांद्या फोडल्या, पारंब्या सोडल्या, त्या जमिनीत रुजवल्या. झाड, भलं मोठं, म्हातारं. मग दोन्ही तळवे मधे एकमेकांपासून लांब गेले आणि खाली झुकले. दरी. पोटात खड्डा पडावा इतकी खोल.

इतक्यात समोर वळण आलं, बाईने बोलणं आवरलं, हात खाली आले. बसचा वेग कमी झाला. ड्रायव्हरने मान जरा तिरकी केली होती, ती पुन्हा रस्त्याकडे वळवली.

उतरल्यावर लोक कठड्याशी गेले. वहिनीही गेल्या, आणि त्यांनी डावीकडे पाहिलं, कारण धबधबा डावीकडे होता. तिथे झाड होतं. म्हातारं, पारंब्यांचं. धबधबा उजवीकडून कोसळत होता.

त्यांनी पुन्हा पाहिलं. बसमध्ये तर डावीकडे पडला होता, डोळ्यांसमोर, बाईच्या हातातून...

बाईच्या उजव्या हातातून. आणि बाईचं तोंड होतं आपल्याकडे.

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. तुषार तोंडावर येत होते. वन्सं जवळ येऊन काय झालं म्हणून विचारत होत्या. दादांसमोर त्या हातांतून सिंह आला, तुटका जबडा डावीकडे. देव आला, डोकं डावीकडे. इतकी वर्षं, दर फेरीला, समोरून बघणाऱ्याला जसं दिसेल तसं. बाकीचे उतरून आत जायचे, तिथे खरं बघायचे आणि बसमधलं विसरून जायचे. जो उतरलाच नाही, त्याच्यापाशी तेवढंच राहिलं.

त्या एकट्याच मागे फिरल्या. ड्रायव्हर बसच्या पायरीवर बसून डबा खात होता. गळ्यातली किल्ली त्याने आमटीत बुडू नये म्हणून पाठीवर टाकली होती.

"धबधबा बघितलाय का तुम्ही?" वहिनींनी विचारलं.

"ऐकलाय की," तो म्हणाला. "इथवर आवाज येतो."

कधीच गेला नाहीत? तो म्हणाला, आत लोकांच्या बॅगा असतात, पासपोर्ट असतात. गाडी सोडायची नाही, हा ह्या धंद्यातला पहिला धडा. कुणी काही म्हणत नाही हो, गेलं तर पाचदहा मिनिटं. पण एकदा एकजण गेला होता आणि एका म्हातारीची पिशवी गेली. तेव्हापासून कुणी जात नाही. मग त्याने घास खाली ठेवला आणि वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला, की ज्या जुन्या ड्रायव्हरचं त्या विचारत होत्या, त्यांनीच त्याला हे शिकवलं. गाडी सोडू नकोस. आणि बाई सांगत असली की हातांकडे बघत जा, म्हणजे चुकल्यासारखं वाटत नाही.

"काल बाईंना विचारा म्हणालो, कारण आपण कसं सांगायचं," तो म्हणाला. "इतकी वर्षं ह्या गाडीवर काढली आणि आतलं काहीच बघितलं नाही, हे कुणाला सांगायचं का माणसाने? तुम्ही त्यांच्या घरच्या दिसता. सांगू नका मी बोललो म्हणून."

*

परतीच्या वाटेवर भावाचं गाव लागलं. भाऊ स्टँडवर उभा होता, बॅग घ्यायला हात पुढे करून. वहिनी खाली उतरल्या. वन्संनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि पहिल्यांदाच त्या काही बोलल्या नाहीत.

खोली झाडली का, वहिनींनी विचारलं. झाडली, पंखासुद्धा पुसला, भाऊ म्हणाला. वहिनींनी वन्संच्या डब्यात उरलेला खाऊ त्याच्या पुढे केलेल्या हातावर ठेवला.

"मग आता तूच झोप तिथे," त्या म्हणाल्या. "वारा छान येत असेल."

बसमध्ये परत चढताना दारात बाई होती. तिने हात दिला. वहिनींनी तो धरला, आणि पायरी चढून झाल्यावरही जरासा धरून ठेवला, उलटासुलटा करून पाहिल्यासारखा. हात उबदार होता, साधा होता, तळव्याला घट्टे होते. जन्मभर बघत बसावेत असे हात. हं. ते वाक्य काही अगदीच नाहीसं झालं नाही. पण आता त्याला टोक राहिलं नव्हतं.

घरी पोचल्या तेव्हा दादा पायरीवर बसले होते, सकाळपासूनच बसले असावेत. वन्सं वाटेतच आपल्या घरी उतरल्या होत्या. दादांनी बॅग आत नेऊन ठेवली, पाणी आणून दिलं. प्रवास कसा झाला विचारलं, गाडी कशी चालवली त्याने विचारलं, घाटात गिअर बदलताना आवाज करतो का विचारलं. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "देव बघितलास?"

"बघितला ना. उजवीकडे डोकं आहे त्याचं."

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे बारीक झाले. सगळा प्रवास वहिनी ज्या नजरेने जगाकडे बघत होत्या, ती नजर आता समोरून त्यांच्याकडे बघत होती.

"उजवीकडे?" दादा म्हणाले. "तू नक्की आत गेली होतीस ना? का दोघी बाहेरच गप्पा मारत बसलात?"

वहिनींना हसू आवरेना. त्यांनी ते पदरात आवरलं. दादांच्या समोर बसूनच त्यांनी उजवा हात उचलला, इकडे डोकं, आणि डावा लांब केला, तिकडे पाय. दादांनी पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"हेच तर म्हणतोय मी," ते म्हणाले. "डावीकडेच तर आहे."

वहिनी उठल्या. पायरीवर दादांच्या शेजारी येऊन बसल्या, खांद्याला खांदा लावून, दोघांचं तोंड एकीकडे. आणि तोच हात पुन्हा तसाच उचलला. उजवा. इकडे डोकं.

दादा त्या हाताकडे बघत राहिले. समोरच्या घरात कुणीतरी भांडी घासत होतं, नळ चालू होता. नळ बंद झाला. दादांनी आपला हात गुडघ्यावर ठेवला होता, त्याची बोटं दोनदा हलली, उजवीकडे, डावीकडे, जशी कुणी मनात खोली पुन्हा लावतं. तुम्ही आत कधी गेलात का, हे वहिनींनी विचारलं नाही. दादांनीही सांगितलं नाही.

मग ते म्हणाले, "आणि पाय? पाय कसे आहेत गं? बाई घाईत असायची, पायांपर्यंत कधी यायचीच नाही."

तेव्हा वहिनींना ते आठवलं, जिथे त्यांची नजर अडखळली होती. त्या सांगू लागल्या. तळवे असे, माझ्याएवढे उंच. मधे तुकतुकीत, पाण्यातल्या दगडासारखे. बोटं एकाला एक लागून, नखं काढलेली, सुबक. आणि शेवटचं बोट, वरच्या पायाची करंगळी, ती कोरलेलीच नाही. दगड तसाच ठेवलाय, ओबडधोबड. एवढा मोठा देव केला आणि तेवढी करंगळी राहिली.

"का?" दादांनी विचारलं, थोरली विचारायची तसं.

"कोण जाणे. घरून हाक आली असेल कारागिराला, जेवायला चला म्हणून."

सांगताना त्यांचे हात चालले होते. डोंगर उचलत होते, अंधार सारत होते, दगडाची कूस घडवत होते. आपले हात असे चालतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मधेच त्यांचं लक्ष गेलं. दादा तोंडाकडे बघत नव्हते.

वहिनींचे हात हवेतच थांबले.

"थांबलीस का?" दादा म्हणाले. "पुढे सांग."